कुशी आणि कुश्टी

पंतनगर, घाटकोपर (पूर्व)
मंगळवार, ८ जुलै १९८६

चि. मृणालिनी,

तुझं पत्र काल दुपारी आलं. आधी देवापुढे ठेवलं, हात जोडले, मग कात्रीने कडेकडेने कापलं. एरोग्राम घाईने फाडला की एक ओळ तरी जाते, आणि दोन वर्षं सात महिन्यांनी आलेल्या पत्रातली ओळ मला घालवायची नव्हती.

संध्याकाळी हे कारखान्यातून आले. पाय धुतले, चहा घेतला. मग मी सांगितलं, मिनूचं पत्र आहे. हातातला कप बशीत ठेवायचा तो जमिनीवर ठेवला. "वाच," म्हणाले. मी नेहमीसारखं वाचून दाखवलं. तू बरी आहेस, रात्रपाळी सुटली, आता दिवसाच्या दवाखान्यात लहान मुलांना इंजेक्शनं देतेस, हे सगळं वाचलं. शेवटचा भाग मात्र मनातच वाचला. जानेवारीत तीन आठवडे रजा आहे, डॅनीला घेऊन यायचं मनात आहे, पण बाबांनी स्वतः "ये" म्हटलं तरच, असं तू लिहिलंस. ज्या दारात पाऊल ठेवू नको म्हणून त्यांनी कळवलं, त्या दारात न विचारता उभी राहणार नाहीस.

एकदम हे त्यांच्या कानावर घालणं मला बरं वाटलं नाही. पुरुषांचं मन वळायला वेळ लागतो. मी बघते.

तू दोन इंग्रजी शब्द लिहिलेस, ते मात्र माझ्या डोक्यात अडकून बसलेत. तुझं काम आता "कुशी" झालंय, आणि डॅनीला विचारावं तर तो सगळंच "कुश्टी" आहे म्हणतो. मॅट्रिकला इंग्रजीत मला बासष्ट मार्क होते, पण हे दोन्ही शब्द आमच्या पुस्तकात नव्हते. दोन्ही एकच की वेगळे? एक तुझा आणि एक त्याचा, असं का? वाईट तर नाहीत ना? मोठ्या माणसांना लिहिताना चालतात ना?

हे म्हणाले, "कुस्ती? म्हणजे जावई पैलवान आसा की काय?"

मी ऐकलं न ऐकल्यासारखं करून भांडी विसळायला घेतली.

अंगावर लोकर घालत जा. तिकडचा उन्हाळाही थंड असतो म्हणतात.

आई

*

पंतनगर
रविवार, १७ ऑगस्ट १९८६

चि. मृणालिनी,

शब्दांचा अर्थ तू कळवलास. कुशी म्हणजे आरामाचं, फार दगदग नसलेलं, आणि कुश्टी म्हणजे छान, झकास. पण ते आले कुठून हे तुलाही ठाऊक नाही, तू डॅनीला विचारून सांगणार आहेस. तोवर मला राहवलं नाही. हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानावर दोन्ही शब्द लिहून घेतले आणि भीमराज सरांकडे गेले. तुला इंग्रजी शिकवायचे ते. निवृत्त झाले, आता बुद्धविहाराच्या वाचनालयात सकाळी बसतात. तिथे बायका फारशा जात नाहीत. दारात चप्पल काढून मी उभीच राहिले.

"या, या, मिनूच्या आई. पोरीचं लग्न होऊन तीन वर्षं झाली, आणि आता जावयाची भाषा तपासायला निघालात?" म्हणाले. सगळी माणसं पेपर खाली करून बघायला लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण माणूस प्रेमळ. जाडजूड शब्दकोश काढला, भिंग घेतलं, आणि कुशी सापडला!

ऐक. तो शब्द इथला आहे. आपल्या "खूश"वरून झालेला. गोरे शिपाई हिंदुस्थानात पलटणीत असायचे, त्यांच्या कानावर पडला आणि जाताना घेऊन गेले. सोपी नोकरी म्हणजे कुशी नोकरी. मग पहिलं महायुद्ध झालं, तेव्हा खंदकातले शिपाई "कुशी जखम" म्हणायचे. मी विचारलं, "जखम कसली हो आरामाची?" सर म्हणाले, "बाई, जी जिवावर बेतत नाही, पण जिच्यामुळे घरी पाठवतात, ती."

येताना रस्ताभर मी तेच घोळवत होते. आपल्याला कुशी म्हटलं की दुसरंच काही आठवतं, ते असो.

कुश्टी मात्र त्या पुस्तकात नव्हता. सर म्हणाले, ऐकायला दोघी बहिणी वाटतात म्हणून एका घरच्या समजू नका, शब्दांचं माणसांसारखंच असतं. तेव्हा डॅनीला आठवणीने विचार. आपल्या बाजूचा मी शोधला, त्याच्या बाजूचा त्याने सांगावा.

आता महत्त्वाचं. बाबा म्हणतात, ये. दोघंही या. तिकिटाचं बघ.

आई

*

पंतनगर
सोमवार, २९ सप्टेंबर १९८६

चि. मृणालिनी,

तुझं पत्र आणि त्यात घडी घातलेला डॅनीचा कागद, दोन्ही पोहोचलं. गौरी-गणपती पार पडले, पितृपक्ष चालू आहे, म्हणून उत्तराला उशीर. हे कारण खरं आहे, पण सगळं खरं नाही.

आधी त्याच्या कागदाचं. किती मोठं आणि सुटंसुटं अक्षर काढलंय! जणू पहिलीतल्या मुलीसाठी. मला समजावं म्हणून काढलं हे कळलं, आणि मी खरंच पहिलीतल्या मुलीसारखं बोट ठेवून वाचलं. दोन दुपारी लागल्या. कुश्टी हा त्याच्या आजीचा शब्द. त्यांच्या जमातीच्या भाषेत चांगल्याला तसं म्हणतात. आजी घोड्याच्या गाडीत जन्मली, गाडीतच म्हातारी झाली, गावाबाहेर मुक्काम, जत्रेत कपबशा विकायच्या. गावातली माणसं त्यांना दारात उभं करत नसत, म्हणून शाळेत तो ही भाषा बोलायचा नाही. आता मात्र बाजारातल्या दुकानावर सगळेच कुश्टी म्हणतात, त्यांना कुठला शब्द ते माहीत नसतं, याचं त्याला हसू येतं. खाली त्याने आजीचे आठवतील तेवढे शब्द लिहिलेत.

पाण्याला पानी. कानाला कान. नाकाला नोक. देवाला दूवेल. मिठाला लोन.

मिनू, मी ते वहीत उतरवून घेताना माझा हात थांबला. लोन म्हणजे आपलं लोण की गं! लिंबलोण उतरतो त्यातलं. एक्क्याऐंशी साली तू विमानतळावर निघालीस तेव्हा या उंबऱ्यात उभी करून तुझ्यावरून मी मीठ-मोहरी ओवाळली होती.

कागद घेऊन परत भीमराज सरांकडे गेले. या वेळी आत जाऊन खुर्चीत बसले. सर म्हणाले, ही माणसं हजार वर्षांपूर्वी इथूनच चालत चालत तिकडे गेली, भाषा बरोबर नेली. म्हणजे बघ, एक शब्द शिपायांनी सामानातून नेला आणि दुसरा पायी गेला. तिकडे जाऊन शेजारी राहायला लागले आणि लोकांना वाटलं जुळे आहेत.

जेवताना मी ह्यांना म्हटलं, "जरा लोन द्या बघू." हे बघतच राहिले. मग सगळं सांगितलं. ऐकून घास तसाच हातात धरून म्हणाले, "म्हणजे तो आमचोच मगे. हजार वरसां बाहेर रवलो इतक्याच."

आता तुझ्या पत्राचं. "बाबा म्हणतात, ये" हे माझं वाक्य तुला खरं वाटत नाही. तू लिहितेस, "आई, घरातली सगळी पत्रं तूच लिहितेस. हे बाबांचं बोलणं की तुझी माया? त्यांनी जे म्हटलं होतं ते त्यांनी परत घेतलं का, एवढं सांग. ते परत घेतल्याशिवाय मी डॅनीला तिथे आणणार नाही. तो दारात उभं न करणाऱ्या माणसांना पुरेसा ओळखतो."

मी हे वाक्य ह्यांना वाचून दाखवलं नाही. हे विचारत होते, "माझ्याविषयी काय लिवल्यान?" मी म्हटलं, नमस्कार लिहिलाय.

डिसेंबरच्या मध्यापर्यंत तिकीट काढावं लागेल, नाहीतर रजा रद्द, असं तू लिहिलंयस. मला थोडे दिवस दे. हे मी ह्यांच्यासाठी मागत नाही.

डॅनीने विचारलंय की मला काय म्हणून हाक मारावी. त्याला सांग, विचार करून कळवते.

आई

*

पंतनगर
गुरुवार, ६ नोव्हेंबर १९८६

चि. सौ. मृणालिनी,

वर "सौ." लिहिलंय ते तुझ्या लक्षात आलं असेल. आधीच्या तिन्ही पत्रांत नव्हतं, तेही आलं असेल. तू बोलली नाहीस.

दिवाळी झाली. चकल्या या वर्षी थोड्याच केल्या. रोज पत्र लिहायला बसत होते आणि रोज पेनाला टोपण लावून उठत होते. आज उपास आहे, आज खोटं लिहवणार नाही म्हणून बसले.

तुझे बाबा जे बोलले ते परत घेऊ शकत नाहीत, कारण ते बोललेच नव्हते.

त्र्याऐंशीच्या नोव्हेंबरात तुझं लग्नाचं पत्र आणि फोटो आला. मी वाचून दाखवलं. हे फोटो उजेडात धरून म्हणाले, "पोरगो हसरो आसा." एवढंच. राग नाही, काही नाही. राग मला आला होता. तुझी नर्सिंगची नेमणूक व्हावी म्हणून एकवीस मंगळवार मी केलेले, आणि तू पत्राने लग्न कळवतेस. त्यात तूच लिहिलेलं, त्याची माणसं फिरस्ती, गाडीत राहणारी. मी मनात म्हटलं, गावी काय तोंड दाखवू?

आठ दिवसांनी देवदिवाळी आली. आपल्याकडे त्या दिवशी नारळ ठेवून हे गाऱ्हाणं घालतात, घरातल्या एकेकाचं नाव घेऊन, ह्याची राखण कर म्हणून देवाला सांगतात. तू लहानपणी सगळ्यांत मोठ्याने "व्हय म्हाराजा" म्हणायचीस, खालच्या मजल्यावरची माणसं हसायची. त्या दिवशी ह्यांनी तुझं नाव घ्यायला तोंड उघडलं आणि मी त्यांचा हात धरला. म्हटलं, तिचं नाव घेऊ नका. हे माझ्याकडे बघत राहिले आणि नाव न घेताच पुढे गेले. आपल्या घरात हे कशासारखं आहे ते तुला सांगायला नको. जिवंत माणसाचं नाव मी देवापुढे गाळायला लावलं.

दुपारी हे कामावर गेल्यावर मी एरोग्राम घेतला आणि लिहिलं, "तुझ्या बाबांनी कळवायला सांगितलं आहे की या घरात पाऊल ठेवू नको." आमच्या घरात पत्र मी लिहिते आणि बोलणं कुणाचं हे कधी कुणी विचारत नाही. गावाला दिरांना लिहिते ते ह्यांच्या नावाने, तुझ्या शाळेत चिठ्ठ्या दिल्या त्या ह्यांच्या नावाने. हे तिसरी शिकलेले, पगाराच्या कागदावर सही करतात तेवढंच. मी लिहिलेलं ते त्यांचं, अशी मला सवय. तो सवयीचा भाग झाला. पण हे वाक्य माझ्या नावाने लिहायची माझी छाती नव्हती म्हणून त्यांच्या तोंडी घातलं, हा पापाचा भाग आहे.

तुला वाटलं बापाने टाकलं. ह्यांना वाटलं लेक सुखात आहे म्हणून विसरली. मध्ये मी बसले होते, दोन्हीकडची पत्रं वाचणारी एकटी.

तू विचारशील, का गं आई? तीन वर्षं मी स्वतःला सांगत होते की धर्मासाठी, कुळासाठी. डॅनीच्या कागदावर "पानी" वाचलं त्या दुपारी खरं काय ते कळलं. मला भीती वाटली होती. तुझ्या घरी मी आले तर मुकी होईन. तुझा नवरा काय म्हणतो ते मला कळणार नाही, तुझी मुलं आजी म्हणून माझ्याजवळ येतील आणि मी नुसती हसत बसेन. बासष्ट मार्कांचं इंग्रजी कुठवर पुरणार? तू माझ्या भाषेबाहेर गेलीस याचा मला राग होता. आणि तो मुलगा पाण्याला पाणी म्हणतो, मिठाला लोण म्हणतो, देवाला देवासारखं काहीतरी म्हणतो. मी ज्याच्यासाठी दार लावलं त्याला मी तहान लागली एवढं तरी नक्की सांगू शकले असते.

तुझ्या बाबांवर रागावू नको. माझ्यावर रागाव. उत्तर लिहू नकोस असं वाटलं तर नको लिहूस. मी ह्यांना अजून सांगितलेलं नाही. ते माझं मला करायचं आहे.

तुझी
आई

*

पंतनगर
मंगळवार, २ डिसेंबर १९८६

चि. सौ. मृणालिनी आणि चि. डॅनी,

तुमचं उत्तर अजून नाही. वाटेत असेल किंवा नसेल. माझ्याकडे मात्र सांगण्यासारखं आहे, म्हणून थांबत नाही.

आज देवदिवाळी. पहाटे उठून आंबोळ्यांचं पीठ ढवळलं, काळ्या वाटाण्यांची उसळ टाकली. ह्यांनी आंघोळ केली, नारळाची शेंडी नीट केली, पाट मांडला. आणि मला वाटलं, आता नाही सांगितलं तर पुन्हा एक गाऱ्हाणं खोटं होईल. मी ओल्या हाताने त्यांच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं. तू काय काय लिहिलं होतंस आणि मी काय काय वाचलं नाही, तेही.

हे ओरडतील असं वाटलं होतं. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "म्हणजे तीन वरसां माझ्या चेडवाक वाटता, की बापाशीन हाकलल्यान?"

मी मान डोलावली.

उठून गॅलरीत गेले. तुझं शाळेचं दप्तर टांगायचो त्या खुंटीला धरून उभे राहिले. उसळ आटत आली होती, मी गॅस बंद केला. पंधरा-वीस मिनिटं गेली असतील. आत आले ते पाटावर बसायच्या आधी माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू हात धरलंस तेव्हा मी गप रवलंय. तां तुजां नाय, तां माजां. नाव घेवचां माझ्या तोंडात होतां."

मग नारळ ठेवला. जसं म्हणाले तसंच लिहिते, एक अक्षर माझं घालत नाही.

"बा देवा म्हाराजा! आज ह्यो नारळ तुझ्या पायाशी ठेवलेलो आसा, तो मान्य करून घे. ह्या घरची लेक मृणालिनी आणि तिचो घोव डॅनी सात समुद्रापलीकडे आसत. तीन वरसां त्यांची नावां घेवची रवली, ती चूक पदरात घे. त्यांची राखण कर, आणि त्यांका सुखरूप घराक हाड रे म्हाराजा!"

इथे "व्हय म्हाराजा" म्हणायचं असतं. खोलीत मी एकटीच. हे थांबले. मला वाटलं पुढे जातील. नाही गेले. पुन्हा पहिल्यापासून सगळं म्हटलं, दोन्ही नावांसकट, आणि पुन्हा थांबले. तेव्हा मी म्हटलं. इतक्या मोठ्याने म्हटलं की खालची जयंती वर येऊन विचारून गेली, "काकू, काय झालं? मिनूताई आली का?"

डॅनी, तू विचारलं होतंस ना काय हाक मारू? आई म्हण. सोपा शब्द आहे. तुझ्या आजीच्या भाषेत वेगळा असेल तर तोही कळव, मी वहीत लिहून ठेवते.

मिनू, भीमराज सरांनी सांगितलेली ती कुशी जखम मी विसरलेले नाही. जिवावर न बेतणारी, घरी पाठवणारी. मी तुला केलेली कसली होती ते तूच ठरव. मला म्हणायचा अधिकार नाही.

मी इथवर लिहीत होते आणि हे समोर बसून बघत होते. आता म्हणाले, "खाली जागा सोड." मी विचारलं, काय लिहू? तर म्हणाले, "तू नको. पेन हाड." मी पेन आणून दिलं. गेला पाऊण तास पाठ करून बसलेत. मला बघू देत नाहीत, आणि घडीही स्वतःच घालणार म्हणतात. तेव्हा खाली काय आहे ते मला ठाऊक नाही. या घरातून निघालेलं हे पहिलं पत्र, जे मी पूर्ण वाचलेलं नाही.

आई

मिने
अक्षर वाकडा आसा समजून घे
मी तुका येव नको कदी म्हटलय नाय
आता म्हणतय ये
घोवाक घेवन ये
दार उगडा आसा
हय सगळा कुश्टी
तुजो बापूस